गरजू लोकांना स्वयंपाक शिकवल्याने भूक कमी होते का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गटाला सामुदायिक स्वयंपाकघर सुरू करायचंय, 'नुसतं जेवण वाटण्यापेक्षा' स्वयंपाकाचे वर्ग घेतले तर भूक कायमची कमी होईल का, आणि त्यासाठी देणगीदार कसे जोडायचे. अवतरणातले ते शब्द वाचले आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले. हेच शब्द मी सहा वर्षं ऐकले, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या तोंडून. सगळे त्यांना काका म्हणायचे. माणूस सज्जन, हिशेबाला चोख, पण उभ्या आयुष्यात चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नाही.

आधी तुमचं उत्तर उरकते. बहुतेक वेळा नाही होत. उपाशी माणूस स्वयंपाक येत नाही म्हणून उपाशी नसतो. गॅस संपलेला असतो, भांडं एकच असतं, दोन कामांच्या मधे जेमतेम अर्धा तास मिळतो, नाहीतर भाड्याच्या खोलीत मालक चूल पेटवू देत नाही. यातलं काहीही वर्गात शिकवून येत नाही.

आज हे मी ठणकावून सांगतेय, पण तेव्हा मीही काकांच्याच बाजूची होते. वर्गाचा आठ आठवड्यांचा आराखडा माझाच. प्रथिनं किती, लोह किती, याचे रंगीत तक्ते छापून घेतले होते. पंधरा जण आले, चौदा बाया आणि एक आजोबा. दुसऱ्याच दिवशी मी अख्खा मसूर आणि भाज्यांचं एक भांडं दाखवायला घेतलं. 'मंद आचेवर पाऊण तास' असं म्हणाले मात्र, मागच्या रांगेतल्या एक मावशी हसल्या. दोन ठिकाणी धुण्याभांड्यांची कामं करून यायच्या त्या.

"ताई, पाऊण तास गॅस कोण जाळणार? आणि तिथं उभं कोण राहणार?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्या उठल्या, सरळ पुढे आल्या आणि त्यांच्या घरची पद्धत दाखवली. मसूर रात्रीच भिजवायचा. सकाळी खळखळून उकळी आली की दहा मिनिटं तशीच चालू द्यायची, वर घट्ट बसणारं झाकण. मग गॅस बंद करून आख्खं पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळायचं, खाली वर्तमानपत्राची जाड घडी, वर उशी दाबायची, आणि कामाला निघून जायचं. मावशींनी माझ्याच ओढणीची चुंबळ करून त्यावर पातेलं ठेवलं, हाताशी असलेली दोन पोती भोवती लपेटली आणि म्हणाल्या, "आता तुमचे ते तक्ते सांगा." अडीच तासांनी उघडलं तेव्हा वाफेने माझा चष्मा धुरकटला. दाणा बोटांत धरला तर लोणी. गॅस एकूण वीस मिनिटंही जळला नसेल.

नंतर वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारच लोकांना इंधन वाचवायला गवत भरलेली पेटी वापरा म्हणून सांगत होतं. तत्त्व तेच. मावशींनी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं. पुढचे सहा आठवडे वर्ग त्यांनी घेतला आणि मी कांदे चिरले. काकांच्या अहवालात मात्र प्रशिक्षक म्हणून माझंच नाव राहिलं, कारण माझ्याकडे आहारशास्त्राची पदविका होती. यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

दुसरं राजम्यावरून. एका कंपनीने वर्गासाठी म्हणून चार पोती राजमा पाठवला. सोबत फलक, टोप्या आणि फोटोवाला. तीस किलो आदल्या रात्री भिजत घातला, सकाळी बघते तर निम्मे दाणे तसेच सुरकुतलेले. कडधान्य उष्ण, दमट जागी फार दिवस पडून राहिलं की दाण्याच्या आतल्या पेशी एकमेकींना अशा चिकटून बसतात की मग कितीही उकळा, तो मऊ होत नाही. आम्ही तीन तास उकळला, सोडा घातला, मोठ्या कुकरात टाकून पाहिला. साडेबाराला दारात जेवायला एकशे ऐंशी माणसं उभी. त्या दिवशी सगळ्यांना भात आणि उकडलेले बटाटे वाढले. एका पोराने विचारलं, "राजमा आहे म्हणाला होता ना?" त्याला काय सांगणार?

उरलेला राजमा वर्गातल्या बायांना दोन-दोन किलो वाटून टाकला, काकांच्या आग्रहाने. आठवड्याने मावशींनी पिशवी तशीच परत आणली. म्हणाल्या, "हा शिजवायला जेवढा गॅस लागेल, तेवढ्या पैशात आठवड्याची भाजी येते." मी पिशवी काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांचं उत्तर ठरलेलं: "धर्माची गाय आणि दात का नाय, असं करू नकोस." मी म्हटलं, "काका, दात नसते तरी चाललं असतं. ही गाय दगडाची आहे." वर्षाच्या अहवालात 'पंचवीस महिलांना राजम्याच्या पौष्टिक पाककृतींचे प्रशिक्षण' असं छापून आलं. बाया चौदाच होत्या.

हा प्रकार नवा नाही. जानेवारी १८९० मध्ये बॉस्टनला 'न्यू इंग्लंड किचन' सुरू झालं होतं. त्यामागे एलेन रिचर्ड्स होत्या, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, रसायनशास्त्रज्ञ. मोजूनमापून शिजवलेलं स्वस्त, सकस अन्न गरिबांनी विकत न्यावं, ते शिजताना बघावं आणि शिकावं, असा बेत. स्थलांतरित कामगारांनी पाठ फिरवली, त्यांना त्यांच्या चवीचं हवं होतं. बाईंनी पुढे १८९४ पासून तेच स्वयंपाकघर शाळांना दुपारचं जेवण पुरवायला लावलं आणि तिथे ते चाललं. म्हणजे शिकवणं फसलं, शिजवून देणं टिकलं. काकांना हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

आणि फोटोंचं म्हणाल तर १८४७ च्या दुष्काळात आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये अलेक्सिस सोयर या नावाजलेल्या शेफने आदर्श सूप-घर उभारलं. एका वेळी शंभर माणसं आत, घंटा वाजली की बाहेर, चमचे साखळीने बांधलेले. उद्घाटनाला गरीब कसे जेवतात ते बघायला प्रतिष्ठितांनी पाच-पाच शिलिंग मोजले. त्या टोप्या घातलेल्या बायांचे फोटो काढले जात होते तेव्हा मला ते पाच शिलिंग आठवत होते.

आता न्यायाने बोलायचं तर एक प्रकारचं शिकवणं नक्की उपयोगी पडतं: नोकरीसाठीचं. वॉशिंग्टनमधलं डीसी सेंट्रल किचन रॉबर्ट एगर नावाच्या नाइटक्लबच्या व्यवस्थापकाने जानेवारी १९८९ मध्ये सुरू केलं, तेही अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांच्या शपथविधीच्या मेजवान्यांतलं उरलेलं अन्न गोळा करून. तिथे बेरोजगारांना, तुरुंगातून सुटलेल्यांना व्यावसायिक स्वयंपाक शिकवतात आणि ते पुढे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत कामाला लागतात. शिकलेल्याच्या हाती पगार येतो, पगारातून घरी जेवण येतं. 'कमी पैशात पौष्टिक कसं खावं' आणि 'शंभर माणसांचा स्वयंपाक कसा काढावा' हे दोन वेगळे वर्ग आहेत. तुम्ही दुसरा घ्या. त्यात शिकवण्यासारखंही भरपूर आहे: मोठ्या पातेल्यात पाणी प्रमाणात कमी लागतं, मीठ-तिखट पटीने वाढवायचं नसतं, सुरी कशी धरायची, भात थंड कसा करायचा.

देणगीदारांचं विचारलंत. त्यांच्याकडे वस्तू मागू नका. इंधन, मोठी भांडी, वाहतूक आणि मुख्य आचाऱ्याचा पगार मागा. हे द्यायला कुणी पटकन तयार होत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. 'आलेला माल आम्ही परत पाठवू शकतो' हे पहिल्याच पत्रात लिहा. जेवणाऱ्याचा चेहरा फोटोत नाही, हेही तिथेच. हॉटेलांच्या उरलेल्या अन्नामागे सगळे धावतात. २०२२ साली जगभरात वाया गेलेल्या १०५ कोटी टन अन्नापैकी ६० टक्के घराघरांतलं होतं, हॉटेल-केटरिंगचं २८ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो. २८ टक्केही थोडे नव्हेत, पण शिजलेलं अन्न घ्यायचं तर ते ६० अंशांच्या वर गरम असायला हवं, किंवा दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ पर्यंत थंड केलेलं. थर्मामीटर खुपसून बघा. 'आत्ताच केलंय' यावर विश्वास ठेवू नका.

आमच्यापेक्षा चांगले चाललेले वर्ग असतीलही, मी एकाच स्वयंपाकघराचं सांगतेय. काकांशिवाय ते सहा महिनेही चाललं नसतं, हेही खरं.

आणि गोधडीची युक्ती कुणी करून बघणार असेल तर राहिलेली महत्त्वाची गोष्ट: राजमा असा कधीही शिजवू नका. त्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, ते भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळल्यावरच जातं. नुसत्या उबेत ठेवला तर उलट वाढू शकतं. मसूर, मूग, तांदूळ चालतात. पातेलं उघडल्यावर लगेच खा, कोमट वाटलं तर पुन्हा उकळी आणा. आणि कुणी पोती घेऊन दारात आलंच तर त्यातलं मूठभर आधी भिजवून, शिजवून बघा. पावती मग फाडा.