‘अनडिक्लेअर्ड’ मुलीच्या वडिलांना

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. अमेरिकेतल्या एका कॉलेजात पदवीसाठी प्रवेश मिळालाय, निम्मी फी स्कॉलरशिपमधून भागेल. पण प्रवेशपत्रात विषयाच्या जागी ‘अनडिक्लेअर्ड’ असं छापलंय. तिला फिजिक्सही हवंय आणि इतिहासही. इकडे पुण्यात इंजिनिअरिंगची सीट मिळण्यासारखी आहे. ‘विषयच ठरलेला नसताना एवढे पैसे घालायचे का?’ असं ते विचारतात.

नमस्कार,

तुमची धास्ती रास्त आहे. आपल्याकडे ऑप्शन फॉर्म भरतानाच शाखा ठरवावी लागते. त्यामुळे कोरी जागा दिसली की पोटात गोळा येतो. पण ती जागा कोरी का ठेवतात, यामागे मोठा वाद होऊन गेलाय. तो थोडक्यात सांगतो, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. तेव्हा तिकडच्या कॉलेजांत लॅटिन, ग्रीक, गणित असा बराचसा ठरीव अभ्यास सगळ्यांना सारखाच असे. एलियट चाळीस वर्षं त्या पदावर राहिले आणि त्यांनी एकेक सक्ती काढत नेली. शतक संपताना पहिल्या वर्षाचं इंग्रजी सोडलं तर बंधनकारक असं जवळजवळ काही उरलं नव्हतं. विज्ञान, अर्थशास्त्र, आधुनिक भाषा यांना त्यामुळे मोकळी जागा मिळाली, हे फार मोठं काम झालं. पण पुष्कळ मुलं सोपे, प्राथमिक कोर्स गोळा करून पदवी घेऊ लागली, हेही खरं.

१९०९ मध्ये लॉवेल अध्यक्ष झाले आणि त्यांनी लगाम घातला. पदवीच्या सोळा कोर्सांपैकी किमान सहा एकाच क्षेत्रातले आणि सहा इतर क्षेत्रांत विखुरलेले हवेत, असा नियम १९१४ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून लागू झाला. आज तुमच्या मुलीला ‘मेजर’ (मुख्य विषय) आणि ‘डिस्ट्रिब्युशन’ (इतर क्षेत्रांतले विखुरलेले कोर्स) हे शब्द ऐकू येतील, ते याच घडीतले. म्हणजे तिला मोकळीक आहे, पण ती मोकाट नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बहुतेक ठिकाणी मेजर जाहीर करावाच लागतो.

त्या काळातलं आपलं उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण अर्थशास्त्र मुख्य असताना त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही कोर्स घेतले. जातीच्या उगमावरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी वाचला, तो तिथले प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये! ही यादी मी दरवर्षी मुलांना दाखवतो. पाया एका विषयात पक्का, आणि बाकीचे विषय आपल्या प्रश्नासाठी निवडलेले. विषय पसरले तरी माणूस पसरला नाही.

माझं मत असं, की पाठवा, पण कर्ज झेपत असेल तरच. आणि जाण्याआधी तिला एक काम करायला लावा. कागदावर आठ रकाने आखायचे, आठ सेमिस्टरचे. कॉलेजचा कॅटलॉग उघडून फिजिक्सचे कोर्स त्यांत बसवायचे. फिजिक्स पायरीपायरीने चढतं: पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस आणि मेकॅनिक्स घेतलं नाही, तर पुढची सगळी साखळी वर्षभर मागे सरकते. इतिहास मात्र उरलेल्या जागांत आरामात बसतो. माझ्याकडची एक मुलगी हे न करता गेली. दीड वर्षात तिच्याकडे सहा विषयांचे प्राथमिक कोर्स जमले होते आणि एकाही विषयात पुढची पायरी गाठलेली नव्हती. पुढे तिला एक जादा सेमिस्टर भरावं लागलं, आणि ती फी वडिलांनी कशी जमवली ते मी पाहिलंय.

इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सचा विचार तिच्या मनात थोडाही असेल, तर गोष्ट बदलते. पुष्कळ विद्यापीठांत तिथे नंतर शिरणं अवघड असतं. तेव्हा सीट सोडण्यापूर्वी कॉलेजला दोन प्रश्न ईमेलने विचारा: अनडिक्लेअर्ड विद्यार्थ्याला कोणते मेजर नंतर मिळत नाहीत, आणि स्कॉलरशिप चारही वर्षं त्याच रकमेची राहते का, की त्यासाठी ठरावीक गुण राखावे लागतात? उत्तर लेखी घ्या. तिचा आठ रकान्यांचा कागद आणि ते उत्तर मला पाठवा, मग पुण्याच्या सीटबद्दल बोलू.