ली, यी की री? आधी हे तपासा

कोरियन माणसाचं आडनाव रोमन लिपीत ‘Lee’ असं पाहून मराठीत ‘ली’ लिहू नका. दक्षिण कोरियात उच्चार नुसता ‘ई’ आहे, हांगुल या कोरियन लिपीत एक गोल आणि एक उभी रेघ. मूळ चिनी अक्षराचा अर्थ आलुबुखारचं झाड, जुना उच्चार ‘री’. दक्षिणेच्या लेखननियमात शब्दारंभी ‘ई’आधीचा ‘र’ गळतो. उत्तर कोरियात तो टिकला, म्हणून तिथे आजही ‘री’. पासपोर्टवरचं ‘ली’ केवळ रूढीचं. २००० सालच्या सरकारी रोमन लेखनपद्धतीनुसार एकच अक्षर, ‘आय’ (I), यायला हवं. ते फारसं कुणी घेत नाही. (ज्याला ऱ्ही म्हणतात तो दक्षिण कोरियाचा पहिला राष्ट्राध्यक्षही याच आडनावाचा, ई सुंग-मान!)

आडनाव सारखं म्हणजे घराणं एक, असं समजू नका. ‘बोनग्वान’, म्हणजे घराण्याचं मूळगाव, विचारा. १३९२ साली जोसन राजवट स्थापणारे जॉन्जूचे ई. नौसेनानी ई सुन-शिन मात्र देओक्सूचा. आपल्या गोत्रासारखंच, आडनाव आणि बोनग्वान दोन्ही एक असतील तर लग्न निषिद्ध होतं. १९९७ साली दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाने ती बंदी अमान्य केली.

आणि हो, बायको लग्नानंतर आडनाव बदलत नाही. वंशावळीत तिला नवऱ्याचं चिकटवलं की पुढची पिढी चुकलीच.