कोथिंबिरीकडून किती अपेक्षा ठेवायची?

फायदा होतो असं ऐकून रिकाम्या पोटी कोथिंबिरीचा ग्लासभर रस प्यायची घाई करू नकोस. 100 ग्रॅम कोथिंबिरीत रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व साधारण 300 मायक्रोग्रॅम असतं, पण मूठभर म्हणजे जेमतेम 10 ग्रॅम! तरी रोजची मूठ वाया जात नाही. गॅस बंद केल्यावरच घाल, उकळत ठेवलीस तर सी जीवनसत्त्व घटतं. त्यातलं बीटा-कॅरोटिन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं) शोषलं जायला जेवणात थोडं तेल हवंच. कोवळ्या काड्या फेकू नकोस, वास तिथेच जास्त असतो (निदान माझ्या नाकाला).

एक मात्र बजावून सांगतो: रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर के जीवनसत्त्वामुळे कोथिंबिरीचं प्रमाण अचानक वाढवू नकोस, आधी डॉक्टरांना विचार. आणि कुणाला ती साबणासारखी लागली तर हसू नकोस, तो जनुकांचा खेळ असतो.