बाईंना विचारा : सड्यावरची शाळा
(ऑगस्ट २०२०)

प्रश्न : बाई, दापोली तालुक्यातल्या वाडीतून लिहितोय. मुंबईचा नातू, आठवीतला, मे महिन्यात आईबरोबर गावी आला. चौदा दिवस गावच्या शाळेत क्वारंटाइन काढून घरी आला नि आठवड्याभरात ३ जूनचं निसर्ग वादळ. कौलं गेली, खांब पडले. वीज कशीबशी आली, पण वाडीत रेंज नाही. ऑनलाइन शाळेसाठी तो नऊला छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जातो, एकला जेवायला उतरतो. परवा गुपचूप मागोमाग गेलो, तर शाळा कधीच सुटलेली आणि हा बंदुकीचा गेम खेळतोय! मोबाइल काढून घेऊ का?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, आधी हिशोब करू. २२ जुलैच्या शासन निर्णयात तिसरी ते आठवीला रोज ४५ मिनिटांची दोनच सत्रं आहेत. म्हणजे दीड तास. उरलेले अडीच तास तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा नववीत. मी चौतीस वर्षं वर्गात कॉप्या पकडल्यात. सरळ त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पबजी चालू होतं. त्यानं हेडफोनची एक वायर माझ्या कानात घातली. चार पोरं, चार घरांतून. ‘डावीकडे बघ, डावीकडे!’ आणि मधेच एक जण म्हणाला, ‘पप्पांना कामावरून काढलं रे.’ दुसरा म्हणाला, ‘माझ्यापण.’ दोन क्षण शांतता, की पुन्हा डावीकडे-उजवीकडे. यातलं एक अक्षर त्यांनी घरात काढलं नव्हतं. (नंतर मीही एक डाव खेळले. मिनिटभरात मेले.)

तुमच्या नातवाचे मित्र, गल्लीतलं क्रिकेट, सगळं मार्चपासून बंद. ती पोरं त्याला आता सड्यावरच भेटतात. तेव्हा मोबाइल काढून घेऊ नका. पण मोकळं रानही नको. शाळा सुटल्यावर एक तास, मग खाली. रोजचा दीड जीबी संपला की जादा रिचार्ज मागेल, द्यायचं नाही. रेंज रुसली तर टीव्हीवर सह्याद्री वाहिनी लावा. २० जुलैपासून तिथे पहिली ते आठवीची ‘टिलिमिली’ मालिका चालू आहे. वादळातून डिश वाचली असेल तर, अर्थात. रात्री मोबाइल तुमच्या उशाशी. वाडीत रेंज नाही म्हणून निर्धास्त राहू नका; पोरं वरूनच डाउनलोड करून आणतात आणि पांघरुणात बघतात. हे आम्हा मास्तरलोकांना फार उशिरा कळलं.

पुढच्या वेळी लपत जाऊ नका, हाक मारत चढा. खेळतोस कोणाबरोबर, ते विचारा, नावं सांगेल.

आणि ढग गडगडले की सडा सोडायचा, वर्ग चालू असला तरी. सरांना मागाहून सांगता येतं.