फांदी आपली, तार कुणाची?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही चिपळूणला नगरपालिका हद्दीत राहतो. परसात सासऱ्यांच्या वेळचा रायवळ आंबा आहे, त्याची एक जाड फांदी शेजारच्या काकांकडे जाणाऱ्या फोनच्या तारेवर टेकलीय, वारा सुटला की तार खाली-वर होते. पाऊस तोंडावर आलाय. दिरांनी नवीन चेनसॉ आणलाय, म्हणतात शिडी लावून दहा मिनिटांत उडवतो. काका म्हणतात नेट गेलं तर भरपाई तुम्ही द्यायची. झाड आमचं, तार कंपनीची, मग जबाबदारी कुणाची?

उत्तर : ताई, भरपाईचं नंतर बघू, आधी दिरांना थांबवा. शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवायचाच नसतो. दोन्ही हात मशीनवर लागतात, मग शिडी धरणार कशाने? आणि बारच्या, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग चुकून दुसऱ्या फांदीला टेकला की फिरती चेन तिथे अडकते आणि अख्खं मशीन उसळून तोंडाकडे येतं, याला किकबॅक म्हणतात, पापणी लवायच्या आत होतं. चेन झटक्यात थांबवणारा चेनब्रेक त्यासाठीच दिलेला असतो, पण पकड पक्की हवी, डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवलेला हवा, आणि मशीन खांद्याच्या वर कधीच न्यायचं नाही. चप्पल घालून तर हातसुद्धा लावू नका म्हणावं.

तुमच्या फांदीचं अजून अवघड आहे. ती तारेवर टेकलीय म्हणजे तार धनुष्याच्या दोरीसारखी ताणलीय, कापताक्षणी वजन सुटतं, तार वर उसळते आणि फांदी कुठे फिरेल ते कुणालाच सांगता येत नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय, फांदीचा बुडखा मागे आला आणि शिडीच ओढून घेऊन गेला, वरचा पोरगा कमरेवर पडला, आजही त्याला ओझं उचलता येत नाही. म्हणून अशी फांदी दोराने वरच्या फांदीला बांधून, टोकाकडून थोडी थोडी उतरवतात, प्रत्येक तुकड्याला आधी खालून थोडा काप आणि मग वरून, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. हे सराईत माणसाचं काम आहे.

आता तार. ती फोनचीच आहे कशावरून? आपल्याकडे एकाच खांबावर वर वीज आणि खाली केबल, नेट सगळं लटकलेलं असतं. नेटच्या फायबर केबलमध्ये करंट नसतो हे खरं, पण तिच्या आधाराला बऱ्याचदा स्टीलची तार असते, ती पुढे कुठे विजेच्या तारेला घासत असेल तर तुम्हाला खालून काय कळणार? त्यात फांदी ओली. पहिला फोन महावितरणच्या १९१२ वर करा, वायरमन येऊन बघू दे, लागलं तर तो सप्लाय बंद करेल. आपण स्वतः सप्लाय बंद करायला डीपीकडे जायचं नाही, बंद केलेल्या लाईनमध्येही कुणाच्या जनरेटरमधून उलटा करंट येऊन माणसं गेलीत.

जबाबदारीचं सरळ आहे. तार कंपनीची, म्हणून ती सोडणं, उचलणं, ढिली करणं त्यांच्याच माणसाने करायचं, तुम्ही नाही आणि काकांनी पण नाही. कनेक्शन काकांचं आहे म्हणून तक्रार त्यांना करायला सांगा, तक्रार नंबर जपून ठेवा, फांदीचा तारेसकट फोटो काढा. पण न कळवता कापलंत आणि तार तुटली, तर खर्च तुमच्याकडे येणार, काकांचं तेवढं बरोबर आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात तारेला अडथळा करणारं झाड काढायचा हुकूम मॅजिस्ट्रेटकडून घ्यायची सोय होती, आणि झाड तारेच्या आधीचं असेल तर मालकाला भरपाई. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, तरी सासऱ्यांच्या वेळचं झाड आहे हे तक्रारीत जरूर लिहा.

आणि हो, शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो, त्यात तोडणं म्हणजे झाडाला कुठलीही इजा करणं पण आलं, तेव्हा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे फोटोसकट अर्ज द्या. धोका आहे हे ठळक लिहा.

कंपनीचा माणूस तार परत बांधायला आला की त्याला तिथेच थांबवून सांगा, आंब्याखालून नको, कंपाउंडच्या पलीकडच्या कडेने ने. काकांनाही त्या वेळी हजर राहायला सांगा.