कोठडीत किंवा पोलिसांच्या गोळीने माणूस गेला, तर चौकशीही पोलीसच करतात का?

"मारणारे पोलीस आणि चौकशी करणारेही पोलीसच, मग तक्रार करून उपयोग काय?" असं तुम्ही विचारलंय. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. उपयोग आहे, पण पहिल्या दिवशी हललात तर.

कायद्याने हे पोलिसांवर सोडलेलं नाही. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम १९६). एन्काउंटर असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाप्रमाणे तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा असतो.

पण दंडाधिकाऱ्यांसमोर येतात ते कागद कुणाचे? स्टेशन डायरी, पंचनामा, जप्ती, सगळं पोलिसांनीच लिहिलेलं. त्याला छेद देणारा तुमचा एक तरी कागद लागतो, तारीख-वेळेसकट.

मुंबईतलं लखनभैया प्रकरण घ्या. लखनभैया म्हणजे रामनारायण गुप्ता, पोलिसांच्या लेखी गुंड. ११ नोव्हेंबर २००६ला दुपारी त्याला वाशीतून उचललं, रात्री वर्सोव्यात 'चकमकीत ठार' दाखवलं. त्याचा भाऊ वकील. मृत्यूची बातमी येण्याआधीच त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते: भावाला उचललंय, जिवाला धोका आहे. पोलिसांची गोष्ट त्या वेळांपुढे टिकली नाही. तरी १३ पोलीस दोषी ठरायला २०१३ उजाडलं. न्यायालयाने चौकशी लावली तीही भाऊ हायकोर्टात भांडत राहिला म्हणून.

अहवाल बाजूने आला तरी काम संपत नाही. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४मध्ये मुंब्र्याजवळ पोलीस व्हॅनमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. दंडाधिकाऱ्यांनी पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तरीही विशेष तपास पथकासाठी हायकोर्टाला आदेश काढावा लागला. याची मला मनापासून चीड येते.

म्हणून त्याच दिवशी पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी आणि मानवाधिकार आयोगाला ईमेल करा. पोस्टमॉर्टेमचं व्हिडिओ चित्रीकरण मागा. ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवा असं लेखी द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्येच ते १८ महिने जपायला सांगितलंय.

आणि न वाचता सही करू नका. माझ्या एका अशील बाईंना शवागाराबाहेर "आधी सही, मग बॉडी" असं सांगितलं गेलं. शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी पंचनामा भाचीकडून वाचून घेतला आणि सहीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पोराच्या तळपायावर वळ आहेत ते यात नाहीत.' चौकशीत डॉक्टरांना पहिला प्रश्न त्याच ओळीवरून विचारला गेला.