जठराचा ठेका आणि गोळीचा परिणाम

परभणीच्या एका सदस्याने विचारले आहे की, मधुमेही वडिलांना पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिन दिले, कळ थांबली, पण आता अर्ध्या भाकरीनेही पोट गच्च होते. तर या गोळीने जठराची वीजच बंद पडली काय?

वीज बंद पडत नाही. जठराच्या भिंतीत काहाल पेशी असतात (स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांना १९०६ मध्ये नोबेल मिळाले, ते मात्र मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी). या पेशींतील साठ्यातून कॅल्शियम सुटते, त्यामुळे क्लोराइडचे मार्ग उघडतात आणि मिनिटाला सुमारे ३ मंद विद्युत लहरी जठराच्या वरच्या-मधल्या भागातून खाली सरकत जातात. पैठणला नाथषष्ठीच्या दिंडीत टाळ ठेका धरतात. पाऊल केव्हा पडायचे ते ठेका सांगतो, पण ते जोरात पडेल की नुसते टेकेल, हे चालणाऱ्याच्या बळावर असते. जठरात ते बळ मुख्यतः नसांच्या टोकांतून सुटणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन देते आणि डायसायक्लोमिन नेमके त्यालाच अडवते.

महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवताना, काजळी धरलेल्या ड्रमवर गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्याची आकुंचने आम्ही उमटवीत असू. अ‍ॅट्रोपिन हे डायसायक्लोमिनसारखेच अडवणारे औषध घातल्यावर अ‍ॅसिटिलकोलीनची रेषा उठेनाशी झाली की कोणीतरी हमखास "सर, तुकडा मेला" म्हणे. मग मी हिस्टामिन (स्नायू आकसवणारे दुसरे रसायन) घाली आणि रेषा पुन्हा उसळे. स्नायू जिवंतच होता, फक्त एक दार बंद झाले होते. शिवाय तो ड्रम केवळ ओढ दाखवी, वीज नाही. ती पाहण्यासाठी पेशीत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालावा लागतो, आणि तसे केले असता निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने गिनीपिगच्या जठराची आकुंचने जवळजवळ थांबली तरी मंद लहरी चालूच राहिलेल्या दिसतात, कारण हे औषध स्नायूत कॅल्शियम शिरण्याचा मार्ग बंद करते, ठेका धरणाऱ्या पेशींचा साठा नव्हे.

खुद्द ठेका बिघडवणारी कारणे निराळी आहेत. ग्लुकागॉन (रक्तशर्करा वाढवणारे संप्रेरक) आणि मॉर्फिन (तीव्र वेदनाशामक) त्यांत मोडतात, आणि खूप वाढलेली रक्तशर्करा तर औषधाशिवायही लय अवेळी जलद करते. दीर्घकाळच्या मधुमेहात काहाल पेशीच कमी झालेल्या आढळतात. म्हणून वडिलांच्या बाबतीत आधीच क्षीण झालेला ठेका आणि वरून दुबळे पाऊल, असा दुहेरी प्रकार असू शकतो.

उलट दिशेची औषधेही आहेत. एरिथ्रोमायसिन मोटिलिन या आतड्यातील संप्रेरकाच्या ग्राहकावर बसून आकुंचन जोरकस करते, पण काही दिवसांतच त्याचा परिणाम ओसरू लागतो. मेटोक्लोप्रमाइडने मळमळ आणि जडपणा कमी होतो. मात्र ते लांबले तर तोंडाच्या, जिभेच्या अनैच्छिक हालचाली मागे लागू शकतात, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना जेवणानंतरच्या साखरेच्या नोंदी आणि घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. पायांच्या आगीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर ते आवर्जून दाखवावे, कारण तेही अ‍ॅसिटिलकोलीनला अडवते आणि पोटाच्या तक्रारीत त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही.